गुण आला, पण कशाने?

बालभारतीच्या नववीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या २०१७ साली आलेल्या पुस्तकात ‘उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीव’ असा एक पाठ आहे. प्रतिजैविके घेताना कोणती काळजी घ्यावी, याची एक छोटी यादी त्यात दिली आहे. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय प्रतिजैविक घेऊ नये, सर्दी किंवा घसादुखीवर ते आपल्या मनाने सुरू करू नये, बरे वाटू लागले तरी ठरवून दिलेला क्रम पूर्ण करावा आणि आपण घेतलेले प्रतिजैविक दुसऱ्याला सुचवू नये, असा तिचा आशय आहे. शालेय पुस्तकात अशी रोजच्या उपयोगाची यादी असणे ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु यादीत काय करावे ते आहे, का करावे ते नाही. त्यामुळे ‘कोणतीही चार पथ्ये लिहा’ या प्रश्नाचे उत्तर देऊन विद्यार्थी मोकळा होतो आणि शाळेबाहेर पडल्यावर नेमके उलटे वागतो.

ही यादी कितपत पुरी पडते हे पाहायचे असेल, तर ती वर्गातल्याच एका दुखण्याला लावून पाहावी. ते म्हणजे तारुण्यपीटिका, ज्यांना आपण मुरुमे किंवा पिंपल्स म्हणतो. नववी-दहावीतल्या बहुतेकांना त्या कमी-अधिक प्रमाणात येतातच. आणि पोटात घ्यायची प्रतिजैविके निरोगी तरुण मुले आठवडेच्या आठवडे घेतात, अशी जी थोडी कारणे आहेत, त्यांतले हे एक प्रमुख कारण आहे.

हिंगणघाट तालुक्यातले वडनेर घ्या. नागपूर–हैदराबाद महामार्गावरचे हे गाव. वर्धा जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सेवाग्रामचे १९६९ साली सुरू झाले, सावंगी मेघे येथील १९९० साली. परंतु तेथवर जायचे म्हणजे दिवस मोडायचा, मजुरी बुडवायची. ताप चढला तर माणूस जाईल. चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी सहसा जात नाही. मग सल्ला मिळतो तो मावसबहिणीकडून, वसतिगृहातल्या मित्राकडून किंवा औषधाच्या दुकानातून. “मी ही कॅप्सूल घेतली, महिन्याभरात चेहरा साफ झाला,” असे कोणी सांगतो आणि रिकाम्या पाकिटाचा तुकडा दाखवून तीच कॅप्सूल मागितली जाते. दुसऱ्याला सुचवू नका, या पथ्याची खरी परीक्षा येथे होते.

असे अनुभव कान देऊन ऐकले, तर ते परस्परांशी जुळत नाहीत असे दिसते. एकाला चांगला गुण येतो. दुसऱ्याला येतो, पण कॅप्सूल थांबवताच मुरुमे परत येतात. तिसरा दहा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देतो. चौथ्याच्या छातीत जळजळते. पाचव्याचा चेहरा उन्हात भाजल्यासारखा लाल होतो. हे सगळेच खरे बोलत असतात. मग औषध चांगले की वाईट? उत्तरासाठी मुळापासून सुरुवात केली पाहिजे.

त्वचेवरील केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांमुळे या ग्रंथी जास्त तेल स्रवू लागतात. केसाच्या नळीतल्या मृत पेशी एकमेकींना चिकटून तिचे तोंड बंद होते. आत साचलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जीवाणू वाढतो. त्याला शरीर प्रतिसाद देते आणि सूज, लाली, पू दिसू लागतो. हा जीवाणू बाहेरून आलेला चोर नव्हे. तो तुमच्याआमच्या सर्वांच्या त्वचेवर नांदत असतो. म्हणून मुरुमे हा विषमज्वरासारखा संसर्ग नाही. ती एकाची दुसऱ्याला लागत नाहीत आणि चेहरा अस्वच्छ ठेवल्याने होतात असेही नाही.

या साखळीत चार कड्या आहेत: तेल, तुंबलेले तोंड, जीवाणू आणि सूज. डॉक्सिसायक्लिनसारखी टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके शेवटच्या दोन कड्यांवर काम करतात. जीवाणूंची वाढ रोखण्याबरोबरच ती सूजही स्वतंत्रपणे कमी करतात. परंतु तुंबलेले तोंड ती उघडत नाहीत आणि तेलही थांबवत नाहीत. म्हणून बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापलीन यांसारखे लावायचे औषध जोडीला नसेल, तर कॅप्सूल थांबल्यावर मुरुमे परत येणे हे आश्चर्य नाही. केवळ कॅप्सूलवर विसंबू नये आणि साधारण तीन महिन्यांनी ती थांबवता येईल का याचा आढावा घ्यावा, असे त्वचारोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

आता ‘क्रम पूर्ण करा’ हे पथ्य पाहा. त्यामागे एक चित्र गृहीत आहे: जंतू आत शिरले, औषधाने ते मेले, काम संपले. मुरुमांत असा शेवटचा दिवस नसतो. गुण दिसू लागायलाच काही आठवडे लागतात. हे ठाऊक नसल्याने एक जण दहा दिवसांत सोडतो आणि दुसरा ‘चालू आहे तोवर बरे आहे’ म्हणून वर्षभर तीच पाकिटे घेत राहतो. पुस्तकातले पथ्य या दोघांपैकी कोणालाच वाट दाखवत नाही.

या पथ्याचा इतिहासही मुलांना सांगण्यासारखा आहे. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली होती. घसा दुखतो म्हणून तो अपुरे पेनिसिलिन घेतो, त्याच्या शरीरातले जंतू मरण्याऐवजी औषधाला सरावतात आणि पुढे त्या जंतूंमुळे त्याची पत्नी दगावते. कमी औषध घेण्याचा धोका तेव्हापासून मनावर ठसला. मात्र गरजेपेक्षा जास्त दिवस औषध घेतल्यानेही आपल्या आतड्यातले, घशातले, त्वचेवरचे जीवाणू प्रतिरोधी बनू शकतात, ही बाजू मागे पडली. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मार्टिन लेवेलिन आणि सहकाऱ्यांनी हाच मुद्दा मांडला आणि क्रम पूर्ण करण्याच्या सरसकट उपदेशाला पुरेसा आधार नाही, असे म्हटले. शिक्षकांनी येथे एक इशारा न विसरता द्यावा: क्षयरोगासारख्या आजारात उपचार अर्ध्यावर सोडणे घातकच आहे. एकूण, किती दिवस घ्यायचे हे आजारावर ठरते. ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे आणि मध्येच बदल करायचा तर पुन्हा विचारावे.

आपले औषध दुसऱ्याला सुचवू नये, हे पथ्य माझ्या मते यादीतले सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी समजावलेले आहे. मुलाच्या मनात सरळ प्रश्न येतो: मला गुण आला, तर मैत्रिणीला का सांगू नये? त्यात वाईट हेतू मुळीच नाही. येथे हेतूविषयी बोलून भागत नाही, पुराव्याविषयी बोलावे लागते.

पाऊस लांबला की आपल्याकडे काही गावांत धोंडी काढतात. त्यानंतर पुष्कळदा पाऊस येतोही. पण धोंडी निघते कधी? पाऊस फार लांबल्यावर. आणि फार लांबलेला पाऊस पुढच्या काही दिवसांत येण्याचा संभव असतोच. मुरुमांचेही तसेच आहे. ती आपोआप वाढतात आणि ओसरतात. माणूस औषधाकडे वळतो तो ती अगदी भरात असताना. त्यानंतर काहीही केले, तरी बऱ्याच जणांचा चेहरा थोडाफार सुधारणारच. त्या सुधारणेचे श्रेय कॅप्सूलला मिळते, नाहीतर मुलतानी मातीला.

हे वर्गात दाखवता येते. साठ मुलांनी लुडोचा फासा एकेकदा टाकावा. ज्यांना सहा पडले ते ‘आजारी’. असे सुमारे दहा निघतील. त्यांच्या हातावर खडूचा ठिपका द्या. हे झाले औषध. आता त्यांनी पुन्हा फासा टाकावा. दहांपैकी आठ-नऊ जण ‘सुधारतील’, कारण सहाच्या जागी दुसरे काही पडण्याची शक्यता सहात पाच असते. खडूने गुण आला का, असे विचारा. मुले हसतील, आणि मग विचार करू लागतील. त्यांनाच उपाय शोधू द्या. कोणीतरी म्हणेल, निम्म्यांना खडू द्यायचाच नाही आणि मग दोन्ही गट ताडून पाहायचे. तुलनात्मक चाचणीचे तत्त्व ते हेच.

अनुभवाला काहीच किंमत नाही, असा याचा अर्थ नव्हे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती. झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा हा ताप जिवावर बेततो. त्यावरचे मुख्य औषध हेच डॉक्सिसायक्लिन. दिवसेंदिवस न उतरणारा ताप ते सुरू केल्यावर बहुधा दोन दिवसांत उतरतो. जेथे आजार आपोआप लवकर ओसरत नाही आणि औषधाचा परिणाम झपाट्याने दिसतो, तेथे अनुभव पुराव्याच्या बराच जवळ जातो. मुरुमे मात्र स्वतःहून चढउतार करतात आणि औषधाचा परिणाम सावकाश होतो. औषध एकच, पण एका आजारात अनुभव बोलतो आणि दुसऱ्यात तो फसवू शकतो.

मुरुमांबाबत तशी तुलना झालेली आहे. ब्रिटनमध्ये ६४९ जणांवर केलेली एक चाचणी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. सौम्य ते मध्यम मुरुमे असलेल्यांचे गट करून अठरा आठवडे निरनिराळे उपचार दिले गेले. पोटातून ऑक्सिटेट्रासायक्लिन घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के, मिनोसायक्लिन घेणाऱ्यांपैकी ५४ टक्के आणि फक्त बेंझॉइल पेरॉक्साइड लावणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांना निदान मध्यम सुधारणा जाणवली. म्हणजे गोळ्या घेणाऱ्या निम्म्याहून अधिकांनी ‘गुण आला’ म्हटले ते खोटे नव्हते. पण स्वस्त मलम लावणारेही तेवढेच म्हणत होते. हे मलम प्रतिजैविक नाही आणि त्याला जीवाणू सरावत नाहीत. कोणा एकाच्या अनुभवातून ही गोष्ट कधीच कळली नसती.

आणखी एक हिशेब एकट्याच्या अनुभवात येत नाही. गुण घेणाऱ्याला येतो, पण प्रतिरोधी जीवाणू घरात आणि वर्गात इतरांपर्यंत पोहोचू शकतात. ॲझिथ्रोमायसिनही मुरुमांवर दिले जाते. ते शरीरातून फार सावकाश बाहेर पडते आणि आपल्याकडे विषमज्वरावर ते महत्त्वाचे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून प्रतिजैविकांचे गट पाडले आहेत. त्यांत डॉक्सिसायक्लिन नेहमीच्या वापराच्या गटात आहे, तर ॲझिथ्रोमायसिन जपून वापरण्याच्या गटात. पाठात प्रतिरोधाची ही सामाजिक बाजू ठळकपणे यायला हवी होती.

राहिले ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने’. डॉक्टरांना काय सांगावे आणि काय विचारावे, हेही शिकवावे लागते. टेट्रासायक्लिन गटातील औषधे कॅल्शियम आणि लोहाशी बांधली जातात आणि मग रक्तात नीट शोषली जात नाहीत. म्हणून दूध, आम्लपित्तावरची औषधे आणि लोहाच्या गोळ्या यांपासून ती वेगळ्या वेळी घ्यावीत. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी शिक्षकच देतात. कोणी असे औषध घेत असेल, तर दोहोंत किती अंतर ठेवावे हे डॉक्टरांना विचारायला सांगावे. कॅप्सूल पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. वर सांगितलेल्या चौथ्याच्या जळजळीचे कारण बहुधा हेच असेल. पाचव्याचे कारणही कळण्याजोगे आहे: या औषधाने त्वचा उन्हाला हळवी होते, आणि विदर्भातला मे महिना काय असतो ते सांगायला नको. गरोदरपणात आणि लहान मुलांना ही औषधे सहसा देत नाहीत.

यावरून प्रतिजैविक म्हणजे वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. खोल, दुखणाऱ्या गाठी आणि व्रण राहणारी मुरुमे यांत त्यांचा खरा उपयोग आहे. अशा मुलाला ‘वयाचे आहे, जाईल’ म्हणून परत पाठवणे हा अन्याय आहे, कारण व्रण जात नाहीत आणि मनाला बसलेला घावही लवकर भरत नाही. हा पाठ शिकवताना कोणा मुलाच्या चेहऱ्याकडे बोट जाणार नाही, याचीही काळजी घ्यावी.

पाठ्यपुस्तकातली यादी चुकीची नाही, ती अपुरी आहे. प्रत्येक पथ्यापुढे ‘कारण’ असा एक रकाना काढला, तर तिचे विज्ञान होईल. तोवर शिक्षकांनी तो रकाना फळ्यावर काढावा. आणि चार पथ्ये लिहा, याऐवजी चाचणीत असा प्रश्न द्यावा: “तुमची मैत्रीण म्हणते, ‘या कॅप्सूलने माझी मुरुमे गेली, तूही घे.’ तिचे म्हणणे खरे मानण्याआधी तुम्हाला कोणकोणती माहिती हवी?” जो विद्यार्थी याची तीन-चार नेमकी उत्तरे लिहील, त्याला तो पाठ समजला असे खुशाल समजावे.