कवटी, फुली आणि चंद्र

जेथें बोलण्यास सवड नसते तेथें संकेताचें महत्त्व वाढतें, हें कोणीहि मान्य करील. परंतु संकेत करणारा स्वतः त्या संकेतानें किती बांधला जातो, याचा विचार पुरेसा झालेला आम्हांस दिसत नाहीं. २००४ सालीं निघालेला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्रॅफ्ट' हा खेळ या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. खेळासारख्या विषयास या पानांत जागा दिल्याबद्दल कांहीं वाचक नाक मुरडतील. त्यांना घटकाभर मुरडूं द्यावें.

या खेळांत पांच जणांची तुकडी भुयारांत उतरते. शत्रूचे घाव अंगावर घेणारा एक, जखमा भरून काढणारा एक, आणि मारा करणारे तीन. पहिल्यास खेळाडू 'टँक' म्हणतात. शत्रूंचें टोळकें दिसलें कीं लढाईपूर्वीं टँकनें त्यांच्या डोक्यांवर खुणा कराव्या, अशी जुनी रीत. खुणा आठच: तारा, वर्तुळ, हिरा, त्रिकोण, चंद्र, चौकोन, फुली आणि कवटी. त्यांचे अर्थ रूढ केले ते खेळणारांनींच. कवटी म्हणजे याला आधीं मारा; फुली म्हणजे त्याच्या मागून; चंद्र बहुधा त्याच्यावर, ज्याला जादूगारानें मेंढी करून ठेवावयाचें. नुसतीं चित्रें म्हणून पाहिलें तर सगळींच सारखीं साधलेलीं नाहींत. पांढरी कवटी कसल्याहि गर्दींत डोळ्यांत भरते; पिवळा तारा व नारिंगी वर्तुळ मात्र मंत्रांच्या आतषबाजींत सहज हरवतात.

खूण म्हणजे हुकूम, आणि जाणत्या गड्याला हुकूम करणें म्हणजे त्याचा अपमान, असा एक आक्षेप ऐकूं येतो. आम्हांस तो वरवरचा वाटतो. शत्रु कोणावर धांवून जाईल हें त्याला कोणाचा किती रोष आला आहे यावर ठरतें, आणि तो रोष आपल्याकडे ओढून घेणें हेंच टँकचें काम. पूर्वींच्या काळीं एका वेळीं अनेकांचा रोष धरून ठेवणें त्याला फार जड जाई. तेव्हां ज्याच्यावर कवटी ठेवली त्याचा रोष मी ओढून घेईन, तुम्ही निर्धास्त मारा, असें तो सांगत असे. हा हुकूम नव्हे, वचन आहे. कवटी एकावर ठेवून जो टँक दुसऱ्यालाच बडवीत सुटतो त्यानें तें वचन मोडलें, आणि त्याची किंमत मारा करणारा मोजतो.

कवटी कोणावर ठेवावी, हा प्रश्न औचित्याचा आहे. शत्रूंतला जो इतरांच्या जखमा भरतो त्याला आधीं मारावें, असें नवशिकाहि सांगेल. पण असा मंत्र म्हणणारा दूर उभा राहतो. त्याच्यावर कवटी ठेवतांच तिघे तिकडे धांवतात, आणि टँक उरलेल्यांशीं झुंजत मागें राहतो. कसलेला टँक भिंतीच्या कोपऱ्याआड सरकतो. समोर लक्ष्य दिसेनासें झालें कीं दूरच्याला जवळ यावेंच लागतें. ही युक्ति मनांत असेल तरच ती कवटी शोभते.

२००७ सालच्या 'शॅटर्ड हॉल्स' नामक भुयारांत टँकचें काम आमच्याकडे होतें. तेथें टोळक्या मोठ्या, आणि शत्रु दाटीनें उभे. कवटी, फुली, चंद्र, सर्व यथायोग्य ठेवलें. मग दोघातिघांस एकदम लागेल असा तडाखा देण्याचा मोह आम्हांस आवरला नाहीं, आणि तो मेंढीलाहि लागला. मेंढीला कसलाहि मार बसला कीं तिची पुन्हा मूळ मूर्ति होते, व ती सरळ जादूगारावर धांवते. तो पडला, मागोमाग सगळे पडले. त्यानें एकच ओळ लिहिली: "चंद्र तुम्हीच ठेवला होता ना?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

२००८ च्या आवृत्तींत टँकच्या अंगीं अनेकांस एकदम धरून ठेवण्याची शक्ति आली व खुणा मागें पडल्या. २००९ च्या डिसेंबरांत अनोळखी लोकांची तुकडी आपोआप जुळवून देण्याची सोय झाली. ज्यांना एकमेकांशीं बोलण्याची ही भाषा खरोखर हवी होती ते एकत्र आले, तेव्हां ती कोणी बोलेनासें झालें होतें! २०१० सालीं भुयारें पुन्हा कठीण झालीं आणि खुणा परतल्या, तेव्हां पुष्कळांनीं कुरकुर केली. दोन वर्षांच्या धांवपळीनंतर थांबणें त्यांना जाच वाटला.

२०१९ सालीं जुना खेळ 'क्लासिक' या नांवानें पुन्हा निघाला, त्यांत एके रात्रीं आम्ही मारा करणारांत होतों. टँक अनोळखी होता. त्यानें कवटी ठेवली, फुली ठेवली, चंद्र ठेवून क्षणभरानें तो शेजारच्यावर हलविला, आणि जादूगाराचें पाणी पिऊन होईपर्यंत ढाल खालीं करून उभा राहिला.