उलट क्रमाने जोडावे

पुस्तकपरीक्षणाच्या सुरुवातीला लेखकाचं नाव, प्रकाशक, पृष्ठं आणि किंमत द्यायची पद्धत आहे. माझ्यापुढच्या ग्रंथाच्या बाबतीत यातलं काहीच देता येत नाही. मुखपृष्ठ गेलंय. पहिली बारा पानं गेलीत. शेवटची सूची उंदरांनी नेली. त्यांनाही काही संदर्भ पाहायचे असतील. उरलेल्या पानांना इतकं ग्रीस लागलंय की ती पारदर्शक झाली आहेत आणि कार्बोरेटरचा मजकूर वाचताना पलीकडून क्लच दिसतो.

हे फियाट अकराशे डी या मोटारीच्या दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक. आमची गाडी १९७१ सालची. अण्णांच्या मागे गाडी आणि पुस्तक दोन्ही माझ्याकडे आली आणि कोकणातली कलमं धाकट्या भावाकडे गेली. तो दर वर्षी मला आंब्याची पेटी पाठवतो, मी त्याला गाडीचे फोटो पाठवतो. ही तक्रार नव्हे. समीक्षकाचे पूर्वग्रह वाचकाला आधीच ठाऊक असलेले बरे, इतकंच.

गेली अकरा वर्षं मी या ग्रंथाचं पारायण करतो आहे. तेही बहुतेक वेळ अंगणात, गाडीखाली उताणा पडून.

भाषा प्रथमदर्शनी भारदस्त वाटते. सगळं कर्मणी. चाक काढले जावे. नट सैल केला जावा. ड्रम ओढून घेतला जावा. शाळेत व्याकरणाचे मास्तर छडी आपटून विचारायचे, "कर्ता कोण?" तोच प्रश्न मी रविवारी सकाळी हातात पाना घेऊन विचारतो. या पुस्तकात कर्ता नाहीच. नट सैल होतात, ड्रम निघतात, स्प्रिंगा सुटतात आणि कुठल्याही पानावर कुणाचं नख काळं होत नाही की कुणाच्या तोंडून आईबहिणींचा उद्धार होत नाही. मधूनच 'अमुक क्रमांकाचे खास हत्यार वापरावे' अशी सूचना येते. ते हत्यार कुठे मिळतं ते त्या हरवलेल्या बारा पानांत असावं. आमच्याकडे त्या जागी अण्णांचा फिक्स पाना, एक हातोडी आणि लाटणं आहे. (लाटणं परत जागेवर ठेवतो.)

पण माझा मुख्य आक्षेप निराळा आहे. या पुस्तकात काळ नाही. चित्रातला बोल्ट बघा. स्वच्छ, कोरा, शेजारी बाण आणि आकडा. तो बाण धरून मी गाडीखाली जातो तेव्हा तिथे बोल्ट नसतो, चिखल, ग्रीस आणि गंज यांचा लाडू असतो. तो रॉकेलने धुवायचा, रात्रभर तेलात भिजत ठेवायचा, सकाळी पाना लावायचा आणि मग डोकं हातात येतं. बोल्टचं. धड आतच राहतं. या प्रसंगावर ग्रंथकार मौन पाळतो. त्याच्या लेखी गाडी कारखान्यातून कालच आली आहे आणि बोल्ट मोडायची तिची अजून हिंमत होत नाही.

गाडीला वय असतं, आणि तिच्याभोवतीच्या जगालाही असतं, हे त्याला कुठून ठाऊक असणार? मुंबईत पद्मिनीच्या टॅक्स्या धावत होत्या तोवर तिच्या या थोरल्या बहिणीलाही सामानाची ददात नव्हती. पुण्याच्या नाना पेठेत नुसतं 'फियाट' म्हटलं की दुकानदार पाठ न वळवता हात मागे घालून वस्तू काढायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. आता तोच दुकानदार पाठ वळवतो, शिडी लावतो, वर चढतो आणि वरून 'नाही' म्हणतो. त्यात २०२५ पर्यंत पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास झालं. जुन्या रबराला ते सोसत नाही. नळ्या फुगतात, मऊ पडतात, पाझरतात. २०२१ च्या नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायची सोय केली आहे, पण मग ती रोज बाहेर काढता येत नाही. म्हणजे पेन्शन घ्या आणि घरात बसा. मी अजून अर्ज केलेला नाही.

न्याय म्हणून गुणही सांगितले पाहिजेत. इग्निशनचं प्रकरण मला या साहित्यप्रकारातलं उत्तम गद्य वाटतं. ठिणगी कुठे जन्मते, कोणत्या वाटेने जाते, कोणत्या सिलिंडरात कधी पडते, सगळं दीड पानात. एक-तीन-चार-दोन हा क्रम मी तिथेच पाठ केला. आमच्या प्रवासी बॅगेच्या कुलपाचा आकडाही तोच आहे. हे इथे लिहायला नको होतं. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडी कमी ठेवायची असते आणि पॉइंटची टाच झिजत गेली की ती आपसूक बुजते. गाडी सकाळी रुसली तर निम्म्या वेळा रुसवा तिथेच असतो. हे प्रकरण वाचून मी गाडी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने सुरू केली त्या दिवशी शेजारचे काका टाळी द्यायला आले होते. ती सुरू झाल्यावर दूर उभे राहिले.

आता ज्या वाक्यामुळे हे परीक्षण लिहायला बसलो त्या वाक्याकडे येतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एकच ओळ आहे, तिचा मराठी सारांश मी मथळ्यात दिला आहे. काढण्यावर सहा पानं, जोडण्यावर एक ओळ. जसं काढलंत तसं उलटं जोडा, झालं! पन्नास वर्षांचं काहीही उलट क्रमाने जोडलं जात नाही. वायसर एक जास्त उरतो, स्प्रिंग एक कमी पडते आणि जिथे आटे होते तिथे आठवण असते.

मागच्या पावसाळ्यात मी ब्रेक उघडले. चाकांच्या सिलिंडरमधली रबरं बदलली, ब्रेक ऑइल नवं भरलं. त्यातलं थोडं मडगार्डवर सांडलं आणि तिथला रंग सायीसारखा सुरकुतला. हेही पुस्तकात नाही. मग राहिली एअर काढायची. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. नळीत बुडबुडा राहिला तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. पुस्तक म्हणतं, पेडल दाबून धरले जावे आणि निपल सैल केले जावे. पेडल आत, निपल मागच्या चाकाशी, मी एकटा. हिला हाक मारायची तर सकाळीच गाडीवरून आमचं वाजलं होतं. म्हणून पेडल दाबलं, सीटला टेकवून काठी लावली आणि मागे धावलो. निपल उघडं असतानाच काठी निसटायची, पेडल वर यायचं आणि गेलेली हवा माघारी. असं तासभर केलं. चार वेळा पंप केल्यावर पेडल कडक लागलं, तेवढ्यावर समाधान मानून गाडी बाहेर काढली.

आमच्या गेटपासून रस्ता उतरता आहे. पहिल्याच वळणावर पेडल थेट तळाला गेलं. काहीच नाही. हॅन्डब्रेक दोन्ही हातांनी ओढला तेव्हा गाडी भाजीवाल्याच्या हातगाडीपासून हातभर अंतरावर थांबली. त्याची मुलगी गाडीला टेकून गृहपाठ करत होती. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागली. मी किती वेळ तसाच बसलो होतो ते मला सांगता येणार नाही.

चारजणांनी ढकलून गाडी घरी आणली. रात्री पुस्तक काढलं, ग्रंथकाराला धारेवर धरायचं म्हणून. ब्रेकच्या पानावर समासात काळपट डाग होता. मी आजवर तो ग्रीसचाच समजत होतो. चिंधीने पुसला तर खाली पेन्सिल. अण्णा वकील. हाताला लागलेल्या कागदावर शेरा मारल्याशिवाय त्यांना राहवत नसे. क्लचच्या पानावर 'पुरावा काय?' आणि गिअरबॉक्सच्या पानावर 'मान्य नाही' मी वाचलेलं होतं. इथे लिहिलं होतं, '१४-८-७८. काठी लावून केले. चूक. गेटापर्यंत गेलो.' खाली, '१५-८. हिला पेडलवर बसवले. दोन तास. चारही चाके ठीक.' आणि त्याखाली, बहुधा मागाहून, शाईने, 'चहा विचारायला हवा होता.'

आई जाऊन नऊ वर्षं झाली. गाडीच्या कामात तिचा कधी हात होता हे आम्हा दोघा भावांना ठाऊक नव्हतं. तिनेही कधी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी ही पेडलवर बसली. मी मागच्या, सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली. बाटलीत नळी, हातात पाना.

"अहो, दाबू?"

"दाब."

"दाबलं."

"धर. धर! सोडू नकोस!"

"ओरडताय कशाला? धरलंय ना!"

बाटलीत बुडबुडे आले, मग कमी झाले, मग नुसतं ऑइल. चार चाकांना पावणेदोन तास लागले. पेडल पहिल्याच दाबाला दगडासारखं लागलं. तरी गेटाबाहेर मी पायी चालण्याच्या वेगाने गेलो आणि हातगाडीच्या पुष्कळ अलीकडे थांबून दाखवलं. भाजीवाल्याने तरीही मुलीला पलीकडे बसवलं होतं.

संध्याकाळी पेन्सिल घेऊन समासात तारीख घातली आणि लिहिलं, 'चारही चाके ठीक. चहा मी केला. साखर जास्त झाली, असे म्हणणे पडले.'