ड्रॅगनचे पासबुक

माणसाने कुणाचे सुतक पाळावे याला काही धरबंध असावा, असे माझे वाणिज्य शाखेच्या पदवीधराचे साधे मत आहे. आजी-आजोबा, चुलते, फार तर शेजारी. पण आमच्या पुतण्याने २००७ साली पुण्यात बसून एका अमेरिकन मासिकाचे सुतक पाळले. बरे, मासिक गेलेही नव्हते. ते फक्त कागदावर छापायचे बंद होऊन संगणकावर जाणार होते. एवढ्यासाठी हा पोरगा दोन दिवस मेसमध्ये जेवला नाही. वडापाव खात होता, हे पुढे त्याच्या खर्चाच्या हिशेबावरून कळले. हिशेब मीच तपासत असे.

मासिकाचे नाव 'ड्रॅगन'. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ आहे, त्याच्या शौकिनांसाठी ते जून १९७६ पासून निघत होते. खेळ त्याच्याही दोन वर्षे आधीचा, १९७४ चा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. पट नाही, सोंगट्या नसल्या तरी चालते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात आणि 'मी आता दार फोडतो', 'मी राक्षसाशी गोड बोलतो' असे सांगत सुटतात. ते जमले की फसले, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पुतण्याने हे मला तासभर समजावले. मी म्हटले, "अरे, म्हणजे विक्रम-वेताळच की! फक्त विक्रम चार, आणि मौन कुणीच पाळायचे नाही." तो म्हणाला, "काका, तुम्हाला समजलं!" आयुष्यात मला कुणी असे प्रमाणपत्र दिल्याचे आठवत नाही.

तर 'ड्रॅगन'मध्ये या खेळासाठी नवे राक्षस, नवे मंत्र, नवे नियम येत. 'डन्जन' नावाचे त्याचे धाकटे भावंड होते, त्यात खेळायला तयार गोष्टी आणि नकाशे असत. खेळाची मालक कंपनी 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'. छापायचे काम तिने 'पायझो' नावाच्या दुसऱ्या कंपनीला दिले होते. एप्रिल २००७ मध्ये मालकांनी जाहीर केले की आता छपाई बंद, पुढचे सगळे संगणकावर. सप्टेंबरमध्ये 'ड्रॅगन'चा ३५९ वा आणि 'डन्जन'चा १५० वा अंक निघाला आणि कागदावरचा कारभार आटोपला.

यावर जगभरच्या शौकिनांनी जो आक्रोश केला, तो पुतण्या मला रोज रात्री फोनवर वाचून दाखवी. त्या काळी फोनला पैसे पडत, म्हणून मी लक्ष देऊन ऐकत असे. आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले, की ही मंडळी मी ओळखतो. आमच्या शाखेत जाडजूड खातेवह्या जाऊन संगणक आला, तेव्हा हीच माणसे काउंटरच्या पलीकडे उभी होती.

त्यांचे चार प्रकार. पहिला, वासवाले. नव्या अंकाच्या शाईचा वास आता कुठून मिळणार, म्हणून हे व्याकूळ. माझे या लोकांविषयी मत चांगले नाही. वासच हवा तर छापखान्यात नोकरी धरावी. दुसरा, संडासवाले. हे लोक स्पष्टवक्ते. मासिक आम्ही जिथे वाचतो तिथे संगणक नेता येत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. हसू नका. २००७ साली बहुतेकांचा संगणक टेबलावरून हलत नसे, वाचायच्या पाट्या अजून घरोघरी पोचायच्या होत्या. त्यांची तक्रार सगळ्यांत व्यवहारी होती आणि पुढे तीच पूर्णपणे मिटली. आज आमच्या घरात सकाळी न्हाणीघराच्या दाराशी जी रांग लागते, ती डिजिटल वाचनामुळेच. तिसरा, बाइंडिंगवाले. पहिल्या अंकापासून गठ्ठे बांधून ठेवलेले. यांना वाचायचे असतेच असे नाही, क्रमांक तुटायला नको असतो. चौथा प्रकार म्हणजे ज्यांनी दहा वर्षांत वर्गणी भरली नाही ते. सगळ्यांत मोठा आवाज यांचा. खात्यात सत्तर रुपये शिल्लक असलेला गृहस्थच मॅनेजरला भेटायला मागतो, हा बँकेतला अनुभव. आमचा पुतण्या याच वर्गातला. त्याने फुटपाथवरून घेतलेले दोन जुने अंक एवढीच त्याची 'ड्रॅगन'मधली ठेव.

आता टीकाकार म्हणून माझा निकाल असा, की या चारही पक्षांचा दावा कच्चा होता. वास, बैठक, क्रमांक आणि गळा काढणे, यातल्या एकाही मुद्द्यावर कंपनीला अडवता आले नसते. शौकीन सगळे इंटरनेटवरच माहिती शोधतात, मग आम्ही तिथेच जातो, असे कंपनीचे म्हणणे. त्यात चूक काय? दुकान गिऱ्हाइकाच्या गल्लीत नेले तर आपण त्याला शहाणाच म्हणतो.

खरा मुद्दा त्यांना सुचला नाही. मला तो एका म्हातारीने शिकवला.

आमच्या शाखेतली खाती संगणकावर चढवली, त्याच महिन्यातली गोष्ट. कळंबकडच्या एका खेड्यातली म्हातारी काउंटरवर आली. मी खाते क्रमांक घातला. संगणक म्हणाला, असे खातेच नाही. पुन्हा घातला. पुन्हा नाही. मी तिला बँकेच्या भाषेत समजावले, म्हणजे आवाज चढवून तेच वाक्य तीनदा म्हटले. तिने शांतपणे पिशवीतून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले पासबुक काढले आणि काचेखालून सरकवले. "सायब, तुमच्या पेटीत नसंल. ह्यात लिवलंय की!"

लिहिले होते. शिल्लक ४,३१२ रुपये. खाली आमच्याच एका निवृत्त हेडक्लार्कची ठसठशीत सही. त्या सहीपुढे संगणकाचे काही चालेना. जुन्या वह्या माळ्यावरून उतरवल्या, खाते सापडले, म्हातारीला पैसे मिळाले. जाताना ती म्हणाली, "तुमच्याकडं बी एक असू द्या अन् माझ्याकडं बी एक असू द्या." बी.कॉम.च्या तीन वर्षांत मला दुहेरी नोंदीचा अर्थ इतका स्वच्छ कुणी सांगितला नव्हता.

छापील अंक हे वाचकाचे पासबुक असते. संगणकावरचे मासिक ही फक्त बँकेची खातेवही. तोवर सगळे छान, जोवर बँक चालू आहे. पुढे काय झाले बघा. २००८ मध्ये खेळाची नवी आवृत्ती आली आणि संगणकावरचे 'ड्रॅगन' वर्गणीदारांपुरते झाले. पाच वर्षांनी, डिसेंबर २०१३ मध्ये ४३० व्या अंकाशी तेही थांबले. २०१५ साली फोनवर 'ड्रॅगन प्लस' नावाचा पुनर्जन्म झाला, २०२२ साली तोही संपला. कागदावर हे मासिक एकतीस वर्षे टिकले. संगणकावरचे दोन्ही जन्म मिळून निम्मेही भरत नाहीत. ते ३५९ कागदी अंक मात्र अजून लोकांच्या ट्रंकांत आहेत आणि ते बंद करायचे अधिकार कुठल्याही मुख्य कार्यालयाला नाहीत.

पायझोवाल्यांची गंमत तर सांगायची राहिलीच. मासिके हातून गेली तशी त्यांनी त्याच ऑगस्टात 'पाथफाइंडर' नावाने दरमहा गोष्टींचे छापील पुस्तक सुरू केले, आणि २००९ साली त्याच नावाचा अख्खा खेळच काढला. रुसलेले अनेक शौकीन तिकडे गेले. म्हणजे आक्रोश अगदीच वाया गेला नाही. ज्याने मुक्काम हलवला त्याला तोटा, आणि ज्याला घराबाहेर काढले त्याचे नवे दुकान. असो.

वाचक म्हणतील, अमेरिकेच्या राक्षसांशी आम्हाला काय देणे-घेणे? तर योगायोग पाहा. त्याच २००७ साली आपला 'चांदोबा' मुंबईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेतला. मूळ 'चंदामामा' जुलै १९४७ मध्ये मद्रासला तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झाला, १९५२ साली तो मराठीत 'चांदोबा' म्हणून आला. नव्या मालकांनी जुने अंक संगणकावर आणले. आम्ही आनंदलो. वेताळ आता झाडावरून उतरून पडद्यावर आला म्हणालो. काही वर्षांत कंपनी अडचणीत आली, अंक छापायचे थांबले, पुढे ते संकेतस्थळही गेले. इथे तर पासबुकही बंद आणि बँकही. विक्रमाने मौन मोडले नव्हते, तरी वेताळ निघून गेला.

मागच्या दिवाळीत पुतण्या धाराशिवला आला होता. आता तो पस्तिशीचा आहे. लोकांची कागदपत्रे संगणकावर नेऊन ठेवणाऱ्या कंपनीत मोठ्या पगारावर आहे, म्हणजे ज्याचे सुतक पाळले त्याच्याच मारेकऱ्यांकडे नोकरी. मी त्याला माझा पासबुकाचा सिद्धांत ऐकवला. तो म्हणाला, "काका, सिद्धांत ठीक आहे. पण पासबुक मिळत कुणाला होतं? तुम्ही स्टँडच्या शेजारी राहत होतात. भूम-परांड्याच्या खेड्यातल्या पोराला चांदोबा कधी दिसला?"

मी गप्प झालो, कारण खरे होते. तेव्हाच्या उस्मानाबादेत मासिके एस.टी.ने सोलापूरहून येत. स्टँडवरच्या स्टॉलवर पाच प्रती आल्या तर तीन आधीच कुणाच्या तरी नावावर. तालुक्याच्या पुढे कागद जात असे तो भेळेचा. आणि परवा परांड्याकडच्या मेहुणीच्या पोरीला मी फोनवर 'किशोर'चा नोव्हेंबर १९७१ चा, म्हणजे अगदी पहिला अंक वाचताना पाहिले. बालभारतीने जुने अंक फुकट वाचायला ठेवले आहेत. तिच्या बापालाही त्या अंकाचे दर्शन झाले नव्हते. तेव्हा कागदासाठी रडणारे आपण सगळे मुळात स्टँडशेजारचे लोक, हे मला मान्य करावे लागले. पण 'किशोर'ने डिजिटल होताना कागद सोडला नव्हता, हेही मी पुतण्याला लगेच बजावले. तुमच्याकडं बी एक, माझ्याकडं बी एक.

वाद मिटवायला आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, त्यापेक्षा माळ्यावरची ट्रंक तरी आवरा." ट्रंक काढली. त्यात माझ्या लहानपणचे सतरा चांदोबा निघाले. त्या काळी चांदोबात फोटोंना नावे द्यायची एक स्पर्धा असे. दोन फोटो छापत, दोन्हींना मिळून जुळेल असे शीर्षक कार्डावर लिहून पाठवायचे. एका अंकात त्या पानावर एका फोटोत खुर्चीत डुलकी घेणारा माणूस होता आणि दुसऱ्यात दुधाच्या भांड्यासमोर बसलेले मांजर. खाली पेन्सिलीने लिहिले होते : 'साहेब निजले' आणि 'कारकून जागा'.

अक्षर वडिलांचे. ते तहसील कचेरीत कारकून होते. घरात तोंडातून शब्द काढत नसत. विनोद तर मी त्यांच्याकडून एकही ऐकलेला नाही. हा माणूस रात्री आमचा चांदोबा घेऊन स्पर्धेची नावे जुळवत बसत होता, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले. कार्ड पाठवले होते की नाही, कोण जाणे. पाठवले असेल तर बक्षीस आले नाही, एवढे नक्की, नाहीतर आईने गल्लीत सांगितले असते. चांदोबाचा तो अंक उद्या कुणी पुन्हा संगणकावर आणला तरी त्यात ही पेन्सिल नसणार.

पुतण्याने पान निरखले. आजोबांचे अक्षर त्याने कधी पाहिले नव्हते. मी सवयीने वडिलांची जुनी सही काढून शेजारी धरली आणि म्हटले, "जुळते." त्याने लगेच फोनवर चार फोटो काढले आणि आता हे कायमचे सुरक्षित, असे जाहीर करून पुण्याला गेला.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन. "काका, तो अंक नीट ठेवलाय ना?"

"ठेवलाय. पण तुझ्याकडे फोटो आहेत ना?"

"आहेत हो," तो म्हणाला, "पण ते कंपनीकडे आहेत."

कागदाला वाळवी लागते, हे मी त्याला बोललो नाही. डांबराच्या गोळ्या मात्र त्याच संध्याकाळी आणल्या.