नववधूचा पहिला प्रवास : सांगतो कोण?

‘मधुचंद्र’ हा शब्द इंग्रजीचे बोट धरून मराठीत आला. ‘हनिमून’चे ते शब्दशः भाषांतर. त्यापूर्वी नवरा-नवरीने दोघांनीच कुठे जावे, अशी रीत आपल्याकडे नव्हती. नवी नवरी सासरी निघाली की सोबत पाठराखीण असे. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासाचे चित्रण मराठीत बरेचसे विनोदाच्या वाट्याला गेले, यात नवल नाही. राजदत्त यांचा ‘मधुचंद्र’ (१९६७) हा चित्रपट त्याचा चांगला नमुना होय. काशिनाथ घाणेकर आणि उमा यांचे जोडपे हौसेने आगगाडीने निघते आणि विनातिकीट प्रवासाच्या भानगडीत सापडून तुरुंगात पोचते. एकांत हवा असलेली दोन माणसे आणि तो मिळू न देणारे जग, एवढ्यावर चित्रपटाची सारी गंमत उभी आहे. ती गंमत निर्मळ आहे. तिला नाक मुरडण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

याच प्रवासाचे दुसरे टोक पाहावयाचे तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशाकडे वळावे लागते. आमटे कुटुंबातील दोन पिढ्यांची दोन पुस्तके आमच्यासमोर आहेत : साधनाताई आमटे यांचे ‘समिधा’ आणि डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ (२००९). दोन्हींतील जोडपी संसाराच्या आरंभीच वाटेला लागतात, पण एकांताच्या शोधात नव्हे. पहिल्या दिवसापासून त्यांच्या घरात इतर माणसे आहेत.

‘समिधा’ची लेखिका ही नागपूरच्या घुले शास्त्रींच्या घरातील इंदू. १८ डिसेंबर १९४६ रोजी मुरलीधर आमटे यांच्याशी विवाह झाला आणि ती साधना झाली. नागपूर ते वरोरा हे अंतर शंभरेक किलोमीटरचे. पण सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या मुलीला ते तेवढेच कसे वाटावे? वरोऱ्याच्या श्रमाश्रमात निरनिराळ्या जातींच्या कुटुंबांसह एकत्र राहावयाचे होते. तिचा खरा प्रवास माहेरच्या स्वयंपाकघरापासून त्या चुलीपर्यंतचा आहे. तो मैलांत मोजता येत नाही. ताटात कोण वाढते आणि शेजारी कोण बसते, यावरूनच मोजता येतो. या पुस्तकाचे मोल आम्हांस तेथे वाटते. १९५१ साली आनंदवनाचा संसार मांडला गेला, तेव्हाची यादी सर्वश्रुत आहे : सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये. व्याख्यानांतून आणि (प्रांजळपणे सांगायचे तर) आपल्या प्रवचनांतूनही ती इतकी सांगितली गेली आहे की तिची दंतकथा होऊन बसली. दंतकथेत त्यागाचे तेज असते. त्या चौदा रुपयांत किती पायल्या धान्य येते, हा प्रश्न नसतो. दोन लहानग्या मुलांच्या आईला तो सोडता येत नाही. ‘समिधा’ हे नाव तिने आपल्यासाठी निवडले यातही हेच आहे. यज्ञाची ज्वाळा सर्वांना दिसते, काष्ठाकडे कोण पाहतो?

आता ‘प्रकाशवाटा’. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांचा विवाह १९७२ चा. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि १९७४ मध्ये हे जोडपे तेथे राहावयास गेले. गडचिरोली जिल्हा तेव्हा जन्मलाही नव्हता. तो १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा निघाला. पावसाळा सुरू झाला की नदीनाले वाट अडवीत आणि वस्ती महिनोन् महिने जगापासून तुटे. वीज नव्हती. वस्तीतील माडिया लोकांची भाषा येत नव्हती. भूल देण्याच्या शास्त्रात शिक्षण घेतलेली एक तरुण डॉक्टर अशा ठिकाणी बिऱ्हाड मांडते, ही मराठी साहित्याला सहसा न लाभणारी कथावस्तू आहे. पुस्तकाची भाषा साधी, आत्मस्तुतीपासून दूर राहणारी. वाचकाने ते हाती घेतले की खाली ठेववत नाही. तरीही आमची एक तक्रार आहे. निवेदनाचा धागा पतीच्या हाती असल्यामुळे मंदाताईंचे मन आपल्याला त्यांच्या शब्दांत भेटत नाही. २००८ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून दिला गेला. कथनाचा मान मात्र एकाकडेच राहिला. सासूने आपला प्रवास स्वतः लिहिला, सुनेचा मात्र तिच्या नवऱ्याने सांगितला. एरवी काळ पुढे जातो तशी स्त्रीची वाणी मोकळी होते असे आपण समजतो. येथे उलटे घडले आहे.

हे काही आजचे नव्हे. आपल्या विवाहविधीत ज्या तोबितच्या पुस्तकातून वाचन होऊ शकते, तेथेही नवविवाहितांचा प्रवास आहे. तोबिया साराला घेऊन निनवेकडे निघतो. सोबत राफाएल, आणि एक कुत्रासुद्धा. (आनंदवनाच्या यादीतला कुत्रा आठवून आम्हांस येथे नेहमी हसू येते.) शहर जवळ येताच राफाएल सुचवतो की आपण साराच्या पुढे जाऊ, आणि दोघे पुढे निघतात. सारा मागून येते. याच साराने आपल्या पित्याच्या घरी, दुःखाच्या क्षणी, केवढी आर्त प्रार्थना केली होती! परंतु त्या साऱ्या वाटेवर तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. वेशीवर म्हातारा तोबित तिला मुलगी म्हणून आशीर्वाद देतो, तेव्हाही बोलतो तो तोच.

विवाहपूर्व शिबिरांतील तरुण-तरुणींच्या हाती ही दोन पुस्तके द्यावीत असे आमचे मत आहे. क्रम मात्र सासूच्या पुस्तकाचा आधी असावा. ते वाचून ‘प्रकाशवाटा’कडे वळलेला वाचक, मंदाताई गप्प आहेत त्या जागी आपोआप थांबतो.