ओडिनच्या डोमकावळ्यांचे गारूड

भाषेचे बळ शिरगणतीवर ठरते, असा समज आपल्याकडे रूढ आहे. मराठी-कोकणी वादात तर उभय पक्षांनी त्याचा यथेच्छ उपयोग केला. हा समज किती पोकळ आहे, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी आइसलंडच्या ‘सिगुर रोस’ या रॉक वाद्यमेळाची ‘ओडिनच्या डोमकावळ्यांचे गारूड’ ही कृती अवश्य ऐकावी. त्या देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आतच आहे. ही कृती २००२ साली लंडनच्या बार्बिकनमध्ये आणि पाठोपाठ रेक्याविकच्या कलामहोत्सवात सादर झाली. पॅरिस येथील २००४ च्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण २०२० साली प्रसिद्ध झाले. आमचे विवेचन त्याच्याच आधारे आहे.

मूळ काव्य देवांच्या धास्तीचे आहे. विश्ववृक्षावरून खाली आलेल्या इदुनला देवांचे दूत भवितव्य विचारतात. ती उत्तर न देता केवळ अश्रू ढाळते. सोफुस बुग्गे या पंडिताने १८६७ मध्ये हे काव्य उत्तरकालीन ठरवून प्राचीन एडा-काव्यांच्या पंक्तीतून उठविले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, हे जाणणाऱ्या आम्हांस पाठचिकित्सेचे मोल ठाऊक आहे. परंतु काव्याचे वय संशोधकाने ठरवावे. त्यात जीव आहे की नाही, हे गळाच सांगतो.

तो गळा येथे स्टेइन्दोर आन्डरसेन यांचा. ‘रिमुर’ ही त्यांची गायनपरंपरा. हिवाळ्याच्या रात्री घरातली माणसे लोकरीचे काम करीत आणि एकजण कथाकाव्य आळवी. आपल्या जात्यावरच्या ओवीचे हे दूरचे नातलगच म्हणावयाचे. पाउल गुद्मुंडसन यांनी दगडी पट्ट्यांचे वाद्य वाजविले आहे. त्या दगडाचा कोरडा, स्वच्छ नाद आणि आन्डरसेन यांचा अनलंकृत स्वर एकत्र येतात, तेथे ही कृती सर्वोच्च बिंदू गाठते. उलट तंतुवाद्ये आणि वृंदगान यांचा पूर लोटतो तेव्हा शब्द वाहून जातात. भव्यतेचा हा मोह आवरावयास हवा होता. गंमत अशी की, याच मेळाने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या ध्वनिमुद्रिकेत तराण्यासारखे निरर्थक बोल गायिले. स्वभाषेविषयी ज्यांच्या मनात न्यूनगंड नाही, त्यांनाच अशी लीला साधते.

नारायणगुड्यात हे ऐकताना, ज्यांच्या नावाने येथे शिक्षणसंस्था उभी आहे त्या केशवराव कोरटकरांची आठवण झाली. निजामाच्या राज्यात, विद्यापीठाची भाषा उर्दू असताना, हैदराबादच्या मराठी कुटुंबांनी आपली भाषा राखली. त्यांचे ऋण मोठे आहे. पण राखणे वेगळे आणि वापरणे वेगळे. पेटीत जपलेला दागिना अंगावर घालावयाचा कधी? आमची ओवी, गोव्याचे धालो, हे स्मरणरंजनासाठी नव्हे तर आजच्या वाद्यांशी बरोबरीने उभे करणारा मेळ मराठीत वा कोकणीत निघेल, तेव्हाच शिरगणतीचा हा वाद आपोआप मिटेल.