छायाचित्रातील रात्र

‘छायाचित्र’ या शब्दातील ‘छाया’ म्हणजे केवळ सावली नव्हे. संस्कृतात प्रतिबिंब व कांती असेही तिचे अर्थ आहेत. रात्रीच्या आकाशाचे चित्र मात्र या तिन्ही अर्थांत मावत नाही. उल्हासकाठच्या मोहने येथे कॅमेरा उत्तरेकडे स्थिर ठेवून तासभराच्या प्रतिमा जोडल्यास तारे ध्रुवाभोवती १५ अंशांचे कंस रेखतात. तो पृथ्वीच्या परिवलनाचा आलेख होय. क्षितिजावर सुमारे १९ अंश उंचीचा ध्रुव स्थळाचा अक्षांश सांगतो, तर आकाशात पसरलेली दिव्यांची प्रभा तेथील वस्ती सांगते. प्रवासी छायाचित्रकार ती प्रभा पुसून टाकतो, तेव्हा चित्र देखणे होते, परंतु स्थळ हरवते. म्हणून अशा चित्राच्या समीक्षेने सौंदर्याची वाखाणणी करण्यापूर्वी त्यातून काय पुसले गेले, हे विचारणे अगत्याचे आहे.