कौल आणि कारण

लोकांनी आपखुषीने दिलेल्या कलाकृतींतून एकीची निवड करणे वरवर पाहता सोपे वाटते. कौल घ्यावा, मते मोजावीत आणि मोकळे व्हावे! परंतु मतांची बेरीज म्हणजे रसिकतेचा निवाडा नव्हे, हे डेबियन या संगणकप्रणालीच्या पार्श्वचित्रांकडे पाहताना जाणवते.

१९९३ साली आरंभ झालेली ही प्रणाली स्वयंसेवकांनी वाढविली. तिची घडण कोणीही वाचावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी, अशी मुभा आहे. नव्या आवृत्तीच्या वेळी चित्रे पाठविण्याचे आवाहन सर्वांस केले जाते आणि आलेल्या चित्रांवर कौल घेतला जातो. २०१५, २०१७, २०२१ आणि २०२३ या चार आवृत्त्यांसाठी ज्युलिएट ताका या एकाच चित्रकर्तीची चित्रे निवडली गेली. दार सर्वांना उघडे, मग आत पुनःपुन्हा एकच व्यक्ती कशी, असे कोणी विचारील.

हा आक्षेप मला मान्य नाही. २०२१ चे ‘होमवर्ल्ड’ पाहावे. बाउहाउस या जर्मन कलापरंपरेतून ते स्फुरले आहे. त्यातील संयमामुळे चित्र आपण होऊन मागे सरते आणि पुढील अक्षरांना, चिन्हांना जागा देते. पार्श्वचित्राचा धर्मच हा. नाटकातील पडद्याने नटाशी स्पर्धा करावयाची नसते. असा गुण असता निवड चौथ्यांदा झाली म्हणून ती पक्षपाताची ठरत नाही.

माझी तक्रार निराळी आहे. कौल क्रमांक देतो, कारण देत नाही. येथे मलिहाबादेस आमच्या कचेरीतील एका तरुण सहकाऱ्याने अशाच एका मुक्त प्रकल्पाकडे मोहरलेल्या आमराईचे चित्र पाठविले होते. चित्र देखणे होते. पण सोनेरी मोहर पडदाभर इतका दाटला होता की त्यावर अक्षर वाचता येईना. नकार योग्यच होता. तथापि एवढे दोन शब्द त्यास कोणी कळविले नाहीत, आणि त्याने पुन्हा चित्र पाठविले नाही. यात नुकसान एकट्या त्याचेच झाले काय?

नाकारलेल्या कृतीलाही कधी कधी दैव हात देते. लॅरी यूइंग यांनी १९९६ मध्ये काढलेला लिनक्सचा पेंग्विन तत्कालीन बोधचिन्ह-स्पर्धांत विजयी झाला नव्हता. तो वापरण्याची व बदलण्याची मुभा असल्याने लोकांनी तो उचलला आणि आज तोच त्या प्रणालीची ओळख होऊन बसला आहे. परंतु असे भाग्य कितीजणांचे?

आमच्या शेजारच्या काकोरीकडील दशहरी गावात दशहरी आंब्याचे मूळ झाड दाखवितात. त्याची कोय पेरून तोच आंबा हाती येईल असा भरवसा नसतो. कलम बांधावे लागते, जपावे लागते. नवख्या चित्रकाराचेही तसेच आहे. कौल अवश्य घ्यावा. मात्र नाकारलेल्या प्रत्येक चित्राखाली जाणत्याने दोन ओळी कारणाच्या लिहाव्यात. पुढल्या खेपेचे चांगले चित्र कदाचित त्या दोन ओळींतूनच यावयाचे असेल.